अ‍ॅनोडायझिंग म्हणजे नुसते ‘अ‍ॅसिडचे काम’ का?

सप्रेम नमस्कार,

आपले डिचोलीहून आलेले पत्र वाचले. मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आहे आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एक कारखाना तिला अ‍ॅल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने संरक्षक थर तयार करणाऱ्या अ‍ॅनोडायझिंग विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून घ्यायला तयार आहे. पण ‘एवढे शिकून अ‍ॅसिडच्या टाकीपाशी उभे राहायचे, त्यापेक्षा बी.एड. काय वाईट?’ असे घरात चालले आहे.

टाकीत अ‍ॅसिड असते, हे खरेच. सुमारे 15 ते 20 टक्के गंधकाम्लाच्या द्रावणात अ‍ॅल्युमिनियमचा भाग धन टोकाला जोडून करंट सोडला की त्याच्याच पृष्ठभागाचे ऑक्साइड बनते. वरून चढवलेल्या रंगासारखा हा थर परका नसतो, म्हणून त्याचे पोपडे निघत नाहीत. खाऱ्या वाऱ्यात साध्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरे डाग येऊन बारीक खड्डे पडतात, हे गोवेकरांना वेगळे सांगायला नको. 1923 साली इंग्लंडमध्ये क्रोमिक आम्लाची पद्धत प्रथम वापरात आली, तीही पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे भाग समुद्रापासून वाचवण्यासाठी.

आता मुलीच्या वाट्याचे काम. द्रावण 20 अंशांच्या आसपास थंड राहिले नाही तर थर भुसभुशीत होतो, आणि विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम वाढत गेले तरी काम बिघडते. म्हणून नियमित टायट्रेशन (द्रावणातील घटकांचे प्रमाण मोजणे) करावे लागते, म्हणजे कॉलेजातली ब्युरेट इथेही सुटत नाही. थरातील सूक्ष्म छिद्रे शेवटी जवळजवळ उकळत्या पाण्यात मिटवतात, यालाच सीलिंग म्हणतात. छिद्रे मिटली का, हे पाहण्यासाठी आधी अ‍ॅसिडचा आणि मग रंगाचा थेंब ठेवून पुसतात. गडद डाग राहिला तर सीलिंग कच्चे.

माझे मत, संधी घ्यावी. मात्र प्रशिक्षणाचे काम प्रयोगशाळेत व गुणवत्ता तपासणीत असेल, हे लेखी मागावे. सुरुवातीचे दोन-तीन महिने जिगवर, म्हणजे टाकीत सोडायच्या चौकटीवर, भाग बांधायला लावले तर कुरकुर नको, कारण सैल बांधलेल्या भागाला करंट मिळत नाही आणि थर धरत नाही, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. वर्षभर तेवढेच करायचे असेल, तर मात्र नकार द्यावा. बी.एड. पुढच्या वर्षीही करता येईल.

होकार देण्यापूर्वी आपण दोघांनी शेड पाहून यावे. टाक्यांच्या काठाशी वाफ ओढून घेणारी यंत्रणा चालू आहे का, डोळे धुण्याच्या नळाला पाणी येते का, हे स्वतः पाहावे. आणि रात्रपाळी असल्यास डिचोलीपर्यंत कंपनीची गाडी मिळते का, हेही त्याच फेरीत विचारून घ्यावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक