गुलाबाच्या आळ्यातला लव्हाळा आणि तणनाशक : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

घराभोवतीची बाग, कुंपणाची झुडपे आणि गुलाब-मोगऱ्याचे लहान प्लॉट यांतल्या तणांबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांत बागेचे सर्वाधिक नुकसान दडलेले आहे, म्हणून त्यांची उत्तरे सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : गुलाबाच्या आळ्यांत लव्हाळा माजला आहे. खुरपला की चार दिवसांत पुन्हा वर येतो. गुलाबाला न लागता ग्लायफोसेट हे तणनाशक मारता येईल का?

आळ्यात फवारू नका. ग्लायफोसेट हिरव्या भागातून आत शिरते आणि अन्नरसाबरोबर शेंड्यांकडे व मुळांकडे जाते. म्हणूनच ते लव्हाळ्याच्या गाठींपर्यंत पोहोचते, आणि म्हणूनच चार थेंब उडाले तरी गुलाबाचे पूर्ण झाड आजारी पडते. फक्त पाने जपली की झाले, असे नाही. गुलाबाच्या कोवळ्या काड्या, लिंबाची आणि जास्वंदीची नवी फांदी, डाळिंबाचे बुंध्यातून येणारे फुटवे यांची साल हिरवी असते आणि औषध तिथूनही आत जाते. कलमी गुलाबाच्या खुंटावरून येणारी रानटी फूट तणनाशकाने जाळायचा विचार तर करूच नका. ती फूट तुमच्या गुलाबाच्याच मुळांवर उभी आहे. माती थोडी उकरून ती बुडापासून ओढून काढा.

दुसरी बाजू कायद्याची आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता, म्हणजे फवारणीचा परवाना असलेल्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. त्याची नोंदणीही चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा यांसाठी आहे, गुलाब त्यात येत नाही. त्यामुळे फुलझाडांत त्याची शिफारस करता येत नाही.

मग लव्हाळ्याचे काय करायचे? त्याच्या बहुतेक गाठी वरच्या 15 ते 20 सेंटिमीटर मातीत, एकमेकींना दोऱ्यासारख्या मुळांनी जोडलेल्या असतात. विळ्याने पाने कापली किंवा रोटर फिरवला की साखळी तुटते, झोपलेल्या गाठी जाग्या होतात आणि एका रोपाची दहा होतात. म्हणून वापसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, खुरपे खोल घालून गाठीसकट काढा आणि काढलेले बांधावर न टाकता उन्हात पूर्ण वाळवा. पुन्हा उगवलेले रोप तीन आठवड्यांच्या आत काढायचेच, कारण त्यानंतर ते नव्या गाठी धरू लागते. हा नेम पूर्ण हंगाम पाळला तर जुन्या गाठींतला साठा संपत जातो. एक पाळी चुकली तर आधीच्या तीन पाळ्यांची मजुरी वाया जाते.

आच्छादन करताना भाताचा पेंढा किंवा उसाचे पाचट 7 ते 10 सेंटिमीटर जाड पसरा, पण खोडापासून चार बोटे जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा ओला राहून कुजतो. लव्हाळ्याचा कोंब टोकदार असतो, तो पातळ मल्चिंग पेपर सहज भोसकून वर येतो. तिथे विणलेले जाड वीड मॅट लागते. हे महाग पडते हे खरे, पण बहुवर्षी फुलझाडांत हा खर्च वसूल होतो.

प्रश्न : बांधावरच्या गाजर गवतावर तणनाशक मारले. आता आतल्या बाजूची शेवंती, टोमॅटो आणि द्राक्षाचा वेल यांची पाने आकसली आहेत. हा व्हायरस आहे का?

आधी ठेवण पाहा. बांधाजवळच्या झाडांवर खुणा जास्त आणि आत जाल तशा कमी होत असतील, आणि एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या जातींच्या झाडांवर दिसत असतील, तर कारण वाऱ्याने उडून आलेले औषध हेच बहुधा आहे. विषाणू असा सगळ्या जातींवर एकाच दिवशी येत नाही.

कोणते औषध उडाले तेही पानांवरून कळते. 2,4-डी असेल तर देठ एक-दोन दिवसांतच पिळवटतात. पुढे येणारी पाने अरुंद, पंख्यासारखी होतात आणि शिरा जवळजवळ समांतर दिसतात. द्राक्ष, टोमॅटो आणि कापूस या औषधाला फार नाजूक आहेत. त्याचा इथाइल ईस्टर प्रकार तर फवारल्यानंतरही उन्हात वाफ होऊन दूर जातो, म्हणून बागेजवळ तो आणूच नये. पॅराक्वाटचे थेंब पडले तर दोन दिवसांत तेवढ्याच जागी वाळलेले ठिपके येतात आणि नवी फूट निरोगी निघते. ग्लायफोसेट सर्वांत फसवे. एक-दोन आठवडे काहीच दिसत नाही, मग नवी फूट पिवळट, बारीक पानांची, झाडूसारखी गुच्छात येते. झाड विश्रांतीत असेल तर ही खूण थेट पुढच्या पालवीत दिसते आणि तोवर फवारणी कोणाच्या लक्षातही राहत नाही.

यावर उतारा म्हणून विकले जाणारे कोणतेही टॉनिक औषध बाहेर काढत नाही. थेंब उडताना दिसले तर त्याच मिनिटाला झाड भरपूर साध्या पाण्याने धुवा. ग्लायफोसेट एकाच फांदीवर पडले असेल तर ती फांदी त्याच दिवशी कापा. एकदा खुणा दिसल्यावर पाणी नियमित ठेवा, युरियाचा मारा टाळा आणि पुढच्या दोन पालव्या पाहून मगच झाड उपटायचे की ठेवायचे ते ठरवा. औषध उडालेल्या भाजीचा तोडा खाऊ नका, विकूही नका.

प्रश्न : कुंपणाच्या कडेची आणि पायवाटेची हरळी ऑपरेटरकडून मारून घेतो आहोत. शेजारची झुडपे वाचवायला काय सांगावे?

नोजलपासून सुरुवात करा. कीटकनाशकाचे शंकूसारखा बारीक फवारा देणारे नोजल चालणार नाही, त्याचे धुके वाऱ्यावर जाते. फ्लड जेट किंवा फ्लॅट फॅन नोजल, त्यावर हूड (थेंब बाजूला उडू नयेत म्हणून नोजलभोवती बसवायची टोपी) आणि पंपाचा दाब कमी, असे सांगा. वेळ सकाळची, दव वाळल्यावर आणि पाने जेमतेम हलत असताना. अगदी निश्चल हवासुद्धा चांगली नाही, कारण बारीक थेंब जमिनीलगत तरंगत राहतात आणि कुठेही सरकतात. पुढचे सहा तास पाऊस नको.

पाणी स्वच्छ हवे. गढूळ पाण्यातली माती ग्लायफोसेटला धरून ठेवते. विहिरीचे पाणी जड असेल तर आधी लिटरला 20 ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवून मग औषध घालतात. जास्त डोस म्हणजे जास्त गुण, हा समज इथे उलटा पडतो. पान लगेच करपले की औषध मुळापर्यंत उतरतच नाही आणि हरळी महिन्यात हिरवी होते.

मापाचा हिशेब स्वतः तपासा. 1 गुंठ्यावर नुसते पाणी फवारून किती लागते ते मोजा. साडेचार लिटर लागले तर एकरी 180 लिटर झाले. लेबलवर एकरी 400 मिली असेल, तर 16 लिटरच्या पंपाला साधारण 35 मिली पडतात. झाकणाने अंदाजे ओतले की हाच आकडा सहज दुप्पट होतो.

झुडपाला अगदी खेटून असलेल्या तणावर फवारणी नकोच. 2 लिटरच्या बाटलीचा तळ कापून ती तणावर उपडी बसवावी, तोंडातून एक फवारा आत द्यावा आणि थेंब निथळल्यावरच उचलावी.

प्रश्न : मीठ, व्हिनेगर आणि भांड्यांचा साबण हे घरगुती तणनाशक चालेल का?

मीठ नको. ते हवेत उडून जात नाही की कुजत नाही. सोडियममुळे काळी माती चिकट, घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि गुलाबाच्या पानांच्या कडा जळतात. व्हिनेगर फक्त वरची पाने करपवते. लव्हाळा-हरळीच्या मुळांना त्याने काही होत नाही.

प्रश्न : तणनाशकाचा पंप धुऊन बुरशीनाशकाला वापरला तर?

वेगळा पंप ठेवा आणि त्यावर रंगाने मोठी खूण करा. 2,4-डी रबरी वॉशर आणि नळीत मुरून राहते, दोन-तीनदा विसळूनही जात नाही, आणि पुढची फवारणी टोमॅटोवर झाली की प्लॉट जातो. रोजचा पंपही तीन वेळा धुवा, त्यातली एक धुलाई धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने, नळी आणि नोजलमधून पाणी सोडून. हे पाणी विहीर, ओढा किंवा आळ्यात जाऊ देऊ नका.

फवारताना रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गमबूट हवेत. डोळ्यांत उडाले तर 15 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेले तर उलटी करवू नका, 108 ला फोन करा आणि बाटली लेबलसकट दवाखान्यात न्या. पॅराक्वाटवर उतारा नाही, एका घोटानेही जीव जातो. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नका. रिकामा डबा तीनदा धुऊन त्याला भोके पाडा, म्हणजे तो पुन्हा पाणी भरायला वापरला जाणार नाही.