मेकॅनिकल सोडू नकोस, सोबत घेऊन ये

पत्र थोडक्यात: "मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी आजी घरातच पडली, खुब्याचं हाड मोडलं, कृत्रिम सांधा बसवावा लागला. तेव्हापासून म्हातारपणावर संशोधन करायचं मनात आहे. पण शाळेनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. इंजिनिअरिंग सोडून जीवशास्त्राच्या पदवीला पहिल्यापासून प्रवेश घेऊ का? अर्जाची तारीख जवळ आली आहे. बाबा म्हणतात, आधी नोकरी धर. आई म्हणते, संशोधनात उमेदीची वर्षं जातात. म्हातारपण थांबवता येईल असं सारखं वाचते, ते खरं आहे का? ता. क. आजीचा सांधा आता चांगला आहे असं डॉक्टर म्हणतात, तरी ती भिंत सोडून चालत नाही."

तारीख जवळ आली आहे म्हणतेस, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. इंजिनिअरिंग सोडू नकोस. तुला वाटतंय की या क्षेत्रात शिरायचं तर मेकॅनिकल अंगावरून धुऊन काढावं लागेल. खरं तर तीच तुझी शिदोरी आहे.

आजीच्या खुब्यात बसवलेल्या सांध्याचीच गोष्ट बघ. जॉन चार्नली हे ब्रिटिश अस्थिशल्यविशारद. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. टेफ्लॉनचं घर्षण अगदी कमी, त्यामुळे निवड बिनचूक वाटत होती. पेशंट चालायला लागले, दुखणं गेलं, सगळे खूश. मग काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि झिजून सुटलेल्या कणांनी भोवतालच्या ऊतींना सूज आणली. बसवलेले सांधे पुन्हा उघडून काढण्याची वेळ आली. १९६२ मध्ये एक विक्रेता गिअर बनवायला वापरतात तसल्या पॉलिएथिलीन या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. चार्नलींनी नखाने ओरखडून पाहिलं आणि ते बाद ठरवलं. त्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलं. तीन आठवड्यांनी पाहिलं, तर टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं तेवढंही ते झिजलेलं नव्हतं.

घर्षण कमी म्हणजे झीज कमी, असं नसतं. हे वाक्य तुला समजावून सांगावं लागत नाही, ते तुझ्या अभ्यासक्रमातच आहे. जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या तुझ्या वयाच्या बहुतेकांना ते समजावून सांगावं लागेल. तुझं मोल तिथे आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग तुला शिकायचा आहे. पॉलिएथिलीनही वर्षानुवर्षांच्या चालण्याने झिजतंच. त्याचे बारीक कण शरीरातल्या भक्षक पेशी गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. चिडलेल्या या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी हाड पोखरणाऱ्या पेशी जाग्या होतात, सांध्याभोवतीचं हाड विरघळतं आणि धड दिसणारा सांधा ढिला होतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गाने जास्त घट्ट जोडलेलं पॉलिएथिलीन वापरात आलं, आणि झीज खूप कमी झाली. पदार्थात केलेल्या बदलाने पेशींची चिडचिड कमी झाली. आता हे काम इंजिनिअरिंगचं म्हणायचं की जीवशास्त्राचं? हा प्रश्न प्रयोगशाळेत कुणी विचारत नाही, तो फक्त प्रवेशाच्या फॉर्मवर असतो.

याहून खोल एक धागा आहे. तुला आवडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते. १८२५ मध्ये बेंजामिन गोम्पर्ट्झ या विमागणितज्ज्ञाने मृत्यूच्या तक्त्यांवरून दाखवलं की प्रौढ वयात माणसाचा मृत्यूचा धोका वयाबरोबर ठरावीक पटीने वाढत जातो. आजच्या आकड्यांत बोलायचं तर साधारण दर ८ वर्षांनी दुप्पट. बेअरिंग किती काळ टिकेल याचा अंदाज घ्यायला तू वायबुलचं वितरण हे सांख्यिकीचं सूत्र वापरतेस ना? जवळजवळ तोच प्रश्न, तशीच वक्ररेषा. म्हणून पुष्कळ इंजिनिअरांना पहिल्या दिवशी वाटतं की म्हातारपण म्हणजे झीज, आपल्याला हे येतं. इथेच सांभाळ. बेअरिंग स्वतःला दुरुस्त करत नाही, हाड करतं. आत्ता तू हे वाचते आहेस तेव्हा तुझ्या मांडीच्या हाडात पेशींची एक टोळी जुनं हाड खणते आहे आणि मागून येणारी दुसरी टोळी तो खड्डा भरते आहे. खणायचं कुठे, हे ठरवण्यात हाडातच गाडलेल्या पेशींचा मोठा वाटा असतो. भार कुठे पडतो आणि बारीक तडा कुठे गेला, हे त्यांना जाणवतं. भार नाहीसा झाला की हाडही कमी होतं. अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता वजनरहित अवस्थेत महिन्याला १ ते १.५ टक्क्याने घटते. ते काही म्हातारे झालेले नसतात.

तेव्हा "म्हातारपणात काय झिजतं" यापेक्षा "दुरुस्ती मागे का पडते" हा प्रश्न धर. आजीचं हाड पडल्यामुळे मोडलं हे खरं, पण त्याआधी कित्येक वर्षं बहुधा भरण्यापेक्षा खणणं जास्त चाललं होतं. या प्रश्नाला भार, ताण आणि फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून पदार्थाचं थकणं, समजणारा माणूस लागतो, पेशी समजणारा लागतो आणि सांख्यिकी समजणाराही लागतो. तिन्हींत तुला थोडं थोडं यायला हवं, आणि एकात इतकं की अडलेले लोक तुझ्याकडे येतील. तुझ्याकडे त्यातलं एक अर्धं तयार आहे. ते अर्धवट टाकून दुसरीकडे पहिलीपासून बसलीस, तर तीन वर्षांनी तिथेही अर्ध्यावरच असशील.

मग जीवशास्त्र कसं शिकायचं? पुस्तकाने सुरुवात कर. पेशीशास्त्राचं एखादं मुख्य पाठ्यपुस्तक घे आणि अख्खं वाचू नकोस. पेशीचा सांगाडा, संदेशवहन, जनुकांचं काम आणि दाह, एवढे भाग नीट कर. सोबत सांख्यिकी आणि पायथन किंवा आर यांपैकी एक संगणकाची भाषा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाडावर, सांध्यावर किंवा चालण्यावर घे. पदवीनंतर बायोमेडिकल किंवा बायोमेकॅनिक्समध्ये मास्टर्स केलंस की पेशींचे विषय रीतसर शिकायला मिळतील. पण सर्वांत आधी, पुढच्या सुट्टीत, आठ आठवडे कुठल्या तरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जा. तिथे काम मिळेल ते कर, भांडी धुवायला सांगितली तरी धू.

का, ते सांगते. मागे मी अशा एका प्रयोगशाळेत दिवसभर बसले होते. तिथे सी. एलेगन्स नावाच्या कृमीवर काम चालतं. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, अंग पारदर्शक, आयुष्य दोन-तीन आठवडे, म्हणून वार्धक्याच्या अभ्यासाला सोयीचा. एक विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवून प्लॅटिनमच्या केसाएवढ्या तारेने एकेका कृमीला हलकंच स्पर्श करत होती. तरुण कृमी झटक्यात वळून पळतो. म्हातारा पडून राहतो, नुसतं डोकं किंचित हलवतो. एक कृमी हललाच नाही. ती थांबली, पुन्हा स्पर्श केला, पुन्हा थांबली, आणि मग वहीत मृत म्हणून नोंद केली. एक कृमी बशीच्या कडेवर चढून वाळून गेला होता. तो म्हातारपणाने मेलेला नाही, म्हणून त्याची नोंद वेगळी. अंडी घालायच्या दिवसांत मोठ्या कृमींना रोज नव्या बशीत हलवायचं, नाहीतर पिल्लं मिसळतात आणि सगळी मोजणी वाया. शेकडो कृमी, रोज, सुट्टीच्या दिवशीही. अशाच मोजणीतून १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांच्या गटाला दिसलं की डाफ-२ या एका जनुकातल्या बदलाने कृमीचं आयुष्य दुप्पट होतं.

हे काम तुला करावंसं वाटतं का, की कंटाळा येतो, हे आठ आठवड्यांत कळेल. कंटाळा आला तर त्यात कमीपणा नाही. मोजणारं यंत्र बनवणारे आणि आकडेवारी उलगडणारेही याच क्षेत्रात असतात. पण ते कळण्याआधी पदवी बदलू नकोस.

म्हातारपण थांबेल का? आज कुणी "हो" म्हणत असेल तर तो काहीतरी विकतो आहे असं धर. खरं काय आहे ते बघ. कृमीत आयुष्य दुप्पट झालं. उंदरांत रॅपामायसिन या औषधाने, २००९ मध्ये छापलेल्या प्रयोगात, उतारवयात सुरू करूनही आयुष्य वाढलं, माद्यांत १४ आणि नरांत ९ टक्के. प्राणी आपल्या जवळचा झाला तसा आकडा लहान झाला, हे ध्यानात घे. माणसात वार्धक्य मंद करून आयुष्य वाढवणारं औषध अजून कुठल्याही नीट चाचणीत सिद्ध झालेलं नाही. पण संशोधन फक्त आयुष्य लांबवण्यासाठी नाही. २०३० पर्यंत जगातला दर सहावा माणूस साठीचा किंवा त्यापुढचा असेल, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पडल्यामुळे दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं जातात, आणि त्यांत साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा. हाड मोडू नये, मोडलं तर लवकर जुळावं, शेवटची वर्षं आपल्या पायावर काढता यावीत, एवढ्या कामाला एक आयुष्य पुरणार नाही. मला हे काम अमरत्वाच्या जाहिरातींपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

आता आईबाबांचं. आईंचं म्हणणं खोटं नाही. पीएचडीला चार ते सहा वर्षं लागतात, पुढे पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची, दोन-चार वर्षं, आणि विद्यापीठातल्या कायम जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. हे त्यांच्यापासून लपवू नकोस. पण बाबांना हेही सांग की या वाटेवर नोकरी फक्त शेवटच्या मुक्कामाला नाही. शरीरात बसवायच्या प्रत्येक वस्तूची जैव-सुसंगतता, म्हणजे ती शरीराला सोसते का, हे तपासावं लागतं, त्यासाठी आयएसओ १०९९३ ही आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. उपकरणं बनवणाऱ्यांसाठी गुणवत्तेचं आयएसओ १३४८५ आहे. झीज-चाचणी, डिझाइन, परवान्यांची कागदपत्रं, क्लिनिकल चाचण्यांची आकडेवारी, या सगळ्या ठिकाणी यंत्र आणि शरीर दोन्ही समजणारी माणसं लागतात, आणि त्यांतल्या पुष्कळ जागांना मास्टर्स पुरतं. मास्टर्सनंतर दोन वर्षं अशी नोकरी करून मग पीएचडीला गेलीस तरी काही बिघडत नाही. उलट प्रश्न पक्का होऊन जाशील. आणि पदवीवरच सगळं अडतं असं नाही हे त्यांना पटवायचं असेल, तर गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचं नाव सांग. सीटी स्कॅनर बनवणारा हा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, नावापुढे पीएचडी नाही, आणि १९७९ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना अॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत मिळालं.

एक गोष्ट मात्र नोकरी आणि पगार यांच्याइतकीच तपासून घे: गाइड, म्हणजे पीएचडीचे मार्गदर्शक. त्यांच्या प्रयोगशाळेतून गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचार. पीएचडी किती वर्षांत झाली, फसलेल्या प्रयोगाबद्दल गाइड मीटिंगमध्ये कसं बोलतात, पेपरवर कुणाचं नाव पहिलं येतं. नावाजलेलं क्षेत्र आणि वाईट गाइड यांत पोळलेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्यांच्यात कमी काहीच नसतं.

राहिली ता. क. तू ती ओळ पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलीस. मला अख्ख्या पत्रात तीच सर्वांत मोलाची वाटली. सांधा चांगला आहे आणि तरी भिंत सुटत नाही. पडण्याच्या भीतीवर रीतसर संशोधन चालतं. ती मोजायला १६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, फॉल्स एफिकसी स्केल इंटरनॅशनल या नावाने शोध. भीतीने माणूस कमी चालतो, कमी चालल्याने स्नायू आणि हाड उतरतं, त्याने तोल जातो, आणि भीती खरी ठरते. या चक्रात भार आहे, पेशी आहेत, मनही आहे.

आजींना विचार, त्यांची हरकत नसेल तर आठवडाभर बघ: हात भिंतीकडे नेमका कधी जातो? उठताना, वळताना, अंधारात, की कुणी मागून बोललं तर? वेळ आणि जागा लिहून ठेव, अंदाज लिहू नकोस. ती वही आणि प्रश्नावली घेऊन तुमच्या कॉलेजमधल्या बायोमेकॅनिक्स किंवा डिझाइन शिकवणाऱ्या प्राध्यापकांना भेट, आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यावर घेता येईल का विचार. ते काय म्हणाले, मला कळव.