बीटी कपाशी : लागवडीवेळचे कीटकनाशक

प्रश्न : बीटी सरकीला लागवडीआधी घरी पुन्हा कीटकनाशक चोळावे का? सोबत पूर्वीसारखे फोरेट हे दाणेदार कीटकनाशक टाकले तर? गेल्या हंगामात पंधरवड्यातच पाने आकसली होती.
– एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : पुन्हा चोळू नका. पाकिटातल्या सरकीला बहुधा इमिडाक्लोप्रिड लावलेलेच असते. पाकिटावर तशी नोंद पाहा. बी पुन्हा ओल्या औषधात घोळले की आधीचा थर सुटतो, टरफल भिजते आणि उगवण घटते. देशी किंवा सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे प्रक्रिया न केलेले बी असेल, तर किलोला इमिडाक्लोप्रिड ७० डब्ल्यूएस ५ ते १० ग्रॅम किंवा थायमेथोक्झाम ३० एफएस १० मिलि लावून सावलीत सुकवा. हातमोजे घालाच. उरलेली सरकी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका.

फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुना साठा कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका.

आता पाने का आकसली ते. बियाण्यावरचे औषध जमिनीच्या ओलीत विरघळून मुळांवाटे पानांत चढते आणि साधारण महिनाभर रसशोषक किडी आवरते. लागवडीनंतर पावसाने दडी मारली की ते नीट चढत नाही. रोप वाढ धरत नाही आणि फुलकिडे कोवळ्या शेंड्यावर बसतात. म्हणून धूळपेरणीत, म्हणजे पावसाआधी कोरड्या जमिनीत पेरले की, हा त्रास जास्त. पान उलटून पाहा. खालची बाजू चंदेरी, चकाकणारी आणि पान वर वळलेले असेल तर फुलकिडे. कडा पिवळ्या-लालसर होऊन खाली वळल्या आणि हात लावताच फिकट हिरवे किडे तिरके पळाले तर तुडतुडे.

दिसले की लगेच पंप उचलू नका. पानाला सरासरी २-३ तुडतुडे किंवा १० फुलकिडे होईपर्यंत ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. त्याने ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटकही जगतात. पातळी ओलांडलीच तर फ्लोनिकॅमिड ५० डब्ल्यूजी, १० लिटर पाण्याला ३ ग्रॅम. पहिल्याच फवारणीत पुन्हा इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झाम नको, दोन्ही एकाच गटातले. तुडतुडे त्यांना सरावले आहेत.

प्रश्न : उगवलेली रोपे रात्रीतून कुरतडली जातात.
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : बहुधा वाणी, म्हणजे अनेक पायांचे लांबट किडे. संध्याकाळी शेतात जागोजागी ओल्या गवताचे ढीग ठेवा. सकाळी त्याखाली गोळा झालेले वाणी वेचून साबणाच्या पाण्यात टाका. रोपांना चार-पाच पाने येईपर्यंत हे रोज करावे लागते.