ओढ्यातली माती नेली, म्हणजे खाण होणार का?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (तुमसर, जि. भंडारा): भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची जीप आली होती. दोघांनी आमच्या शेताला लागून असलेल्या ओढ्यातली माती चाळून पिशवीत भरली, यंत्रावर ठिकाणाची नोंद केली आणि निघून गेले. गावात चर्चा आहे की मँगनीज सापडलं, आता जमिनी जाणार. खरं काय?

उत्तर: ओढ्यातली माती नेली, एवढ्यावरून तुमच्या शेताबद्दल काहीही ठरत नाही. हे भूरासायनिक नकाशाचं काम आहे आणि ते देशभर चालतं. जमिनीवर 2 किमी गुणिले 2 किमी असे चौकोन आखतात. एका चौकोनात 1-1 किमीचे चार भाग असतात. प्रत्येक भागातून ओढ्याच्या तळाचा गाळ घ्यायचा, सुकवायचा, 120 मेशच्या (इंचाला साधारण 120 भोकं असलेल्या) चाळणीतून खाली पडलेली बारीक पूड ठेवायची आणि चारही नमुने एकत्र करून प्रयोगशाळेत पाठवायचे. म्हणजे तुमच्या ओढ्यातली पिशवी चार चौरस किलोमीटरच्या सरासरीचा फक्त चौथा हिस्सा आहे.

गाळच का? पावसाचं पाणी वरच्या सगळ्या खडकांचा चुरा ओढ्यात आणून टाकतं. एखाद्या धातूचं प्रमाण आजूबाजूच्यापेक्षा जास्त दिसलं, तर ओढ्याच्या वरच्या अंगाला शोधत जायचं. यात चुका मात्र सहज होतात. नमुना पुलाजवळ, धुण्याच्या घाटाजवळ किंवा गंजक्या पत्र्याच्या कुंपणाजवळ घेतला, तर जस्त वाढलेलं दिसतं. पितळी चाळणी वापरली, तर तांबं आणि जस्त चाळणीतूनच येतं. म्हणून नायलॉनची चाळणी वापरतात आणि बोटातली अंगठी काढून ठेवतात. विदर्भात आणखी एक फसवा प्रकार आहे. संत्र्याच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावतात, त्यात मोरचूद असतं. बागेच्या खालच्या ओढ्यात तांबं जास्त आलं, तर आधी बाग बघायची, मग डोंगर.

खनिज कायद्यानुसार सर्वेक्षणाला अशा शोधकामासाठी वेगळा परवाना लागत नाही. पण उभ्या पिकाचं नुकसान झालं असेल, तर त्याच दिवशी तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. पुढच्या पेरणीनंतर नुकसान दाखवायला काही उरत नाही.

प्रश्न (ठाणे): 2023 मध्ये बातमी होती की जम्मूच्या रियासी जिल्ह्यात 59 लाख टन लिथियम सापडलं. मग खाण का सुरू झाली नाही? सर्वेक्षणाने चुकीचं सांगितलं होतं का?

उत्तर: सर्वेक्षणाने जे सांगितलं, ते बातमीत येईपर्यंत वेगळंच झालं. त्या निवेदनात दोन शब्द होते आणि मथळ्यांतून नेमके तेच गळले: अनुमानित आणि जी-3.

शोधाचे चार टप्पे मानतात. जी-4 म्हणजे प्राथमिक पाहणी: नकाशा, गाळाचे नमुने, कुठे कुठे खड्डे. जी-3 म्हणजे प्राथमिक पूर्वेक्षण: थोडे चर, थोडे बोअर, बोअरमधलं अंतर मोठं. जी-2 मध्ये बोअर जवळ येतात आणि जी-1 मध्ये इतके जवळ, की खाणीचा आराखडा करता यावा. आकडा जी-1 वरून जी-4 कडे सरकतो तसा भरवसा कमी होतो. दोन बोअरच्या मधली माती सारखीच असेल, हे जी-3 मध्ये गृहीत धरलेलं असतं. मोजलेलं नसतं.

दुसरी गोष्ट, 59 लाख टन हा आकडा लिथियम असलेल्या मातीचा आहे, धातूचा नाही. हिशोब करून बघू. प्रमाण 800 पीपीएम (दहा लाख भागांत 800 भाग) धरलं, म्हणजे 0.08 टक्के, तर एका टनात 800 ग्रॅम. एकूण 4,720 टन धातू. बॅटरीवाले विकत घेतात ते लिथियम कार्बोनेट, त्यात हा आकडा साधारण 25,000 टनांपर्यंत जातो, तोही प्रक्रियेत एक कणही वाया गेला नाही तर. 59 लाख आणि 4,720 या दोन आकड्यांत हजारपटींहून जास्त फरक आहे. लोकांनी भाव केला तो पहिल्या आकड्याचा.

तिसरी अडचण खनिजाच्या रूपाची. ऑस्ट्रेलियात लिथियम स्पोड्युमीन नावाच्या खनिजात मिळतं आणि ते खडकातून वेगळं करून भाजण्याची पद्धत बसलेली आहे. चिलीत ते खाऱ्या पाण्यातून काढतात. रियासीत ते बॉक्साइटसोबतच्या चिकणमातीत आहे. चिकणमातीतून ते मोठ्या व्यापारी प्रमाणावर काढण्याची रीत जगात अजून रुळलेली नाही. त्यात भर म्हणजे भूकंपप्रवण हिमालय आणि जवळच चिनाबवरचं सलाल धरण. असा पट्टा जी-3 च्या माहितीवर लिलावात मांडला, तेव्हा किमान तीन पात्र बोलीदार मिळाले नाहीत आणि 2024 मध्ये लिलाव रद्द झाला. यात नवल ते काय? पुढचे बोअर घ्यायचा खर्च आणि धोका बोलीदाराच्याच डोक्यावर येणार होता.

अशी बातमी वाचताना तीन गोष्टी शोधा: टप्पा कोणता, प्रत (म्हणजे मालात धातूचं प्रमाण) किती टक्के, आणि किती टक्क्यांखालचा माल हिशोबातून वगळला आहे. ही शेवटची मर्यादा खाली आणली की त्याच डोंगरातला आकडा फुगतो. आमच्या मते ज्या बातमीत या तिन्हींपैकी एकही नाही, ती वाचून सोडून द्यावी.

प्रश्न (रामटेक, जि. नागपूर): गावाजवळ ड्रिलिंग झालं. दगडाच्या गोल कांड्या पेट्यांत रचून नेल्या. त्यांतून नेमकं काय कळतं आणि किती खात्रीने?

उत्तर: त्या कांड्यांना कोअर म्हणतात. नेहमीच्या एनक्यू आकारात त्यांचा व्यास 47.6 मिमी असतो. पेटीत त्या डावीकडून उजवीकडे, वरून खाली, पुस्तकातल्या ओळींसारख्या रचतात आणि दर ओढीनंतर (ड्रिलची नळी एकदा खाली घालून कोअरसह वर काढली की एक ओढ) खोली लिहिलेला लाकडी ठोकळा ठेवतात. पेटी वाटेत उलटली आणि कोणी कांड्या अंदाजाने पुन्हा भरल्या, तर त्या बोअरवर केलेला खर्च पाण्यात गेला असं समजायचं.

आधी बघायची ती वसुली. 3 मीटर खोदलं आणि हाती 2.4 मीटर कोअर आला, तर वसुली 80 टक्के. उरलेले 60 सेंमी गेले कुठे? मँगनीजच्या पट्ट्यात हा प्रश्न जीवघेणा असतो. मऊ, भुसभुशीत धातुक (ज्यातून धातू काढतात तो दगड) ड्रिलच्या पाण्यासोबत वाहून जातं आणि कठीण गोंडाइट तेवढा पेटीत उरतो. (गोंडाइट हे नाव इथल्याच गोंड लोकांवरून पडलं आहे. मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटीचा हा खडक जगभर त्याच नावाने ओळखतात.) मग प्रयोगशाळा प्रामाणिकपणे कमी प्रत सांगते आणि चांगला पट्टा कागदावर मरतो. उपाय ड्रिलरच्या हातात असतो: दुहेरी किंवा तिहेरी नळीचा बॅरल (कोअर ज्यात शिरतो ती नळी), लहान ओढी, पाण्याचा दाब कमी. घाई असली की नेमकं हेच होत नाही, कारण दिवसाला किती मीटर झाले यावर सगळ्यांची नजर असते.

दुसरी चूक जाडीची. तुमच्या भागातले सौसर गटाचे खडक बऱ्याच ठिकाणी तीव्र कलते आहेत, म्हणून बोअरही तिरपा घेतात. पट्टा कोअरच्या अक्षाशी 30 अंशांत दिसत असेल, तर पेटीतली 10 मीटर लांबी म्हणजे प्रत्यक्षात 5 मीटर जाडी. हा कोन मोजायचा राहिला की साठा दुप्पट होतो, बसल्या जागी.

मग कोअर हिऱ्याच्या करवतीने उभा चिरतात. एक अर्धा प्रयोगशाळेत जातो, दुसरा पेटीतच राहतो. दहा वर्षांनी कोणाला शंका आली, तर तो पुन्हा तपासता येतो. नमुन्यांच्या मध्ये रिकामा (मँगनीज नसलेला) दगड, ज्याची प्रत आधीच माहीत आहे अशी पूड आणि एखाद्या नमुन्याची जोडी गुपचूप घालतात. प्रयोगशाळेने रिकाम्या दगडात मँगनीज दाखवलं, तर ती सगळी खेप परत तपासायची.

प्रश्न (कणकवली): माझ्या गट नंबरखाली कोणतं खनिज आहे, हे सर्वेक्षणाच्या नकाशावर बघता येईल का?

उत्तर: नकाशा बघता येईल, गट नंबर नाही. सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर भूशास्त्रीय नकाशे आहेत आणि डिसेंबर 2023 पासून राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारही सुरू आहे. मूळ नकाशा 1:50,000 चा असतो. 15 मिनिटं अक्षांश आणि 15 मिनिटं रेखांशांचा एक कागद, साधारण 700 चौरस किमीचा. त्यावर 1 सेंमी म्हणजे 500 मीटर. तुमची हेक्टरभर जमीन त्यावर 2 मिमी गुणिले 2 मिमी, शिसपेन्सिलीच्या टोकाएवढी. पडद्यावर कितीही मोठं करून बघितलं, तरी खडकांच्या सीमारेषेची अचूकता तीच राहते. कोणी त्या नकाशावर सातबारा चढवून "तुमच्याकडे क्रोमाइट आहे" म्हणून पैसे मागत असेल, तर देऊ नका.

आणि सापडलंच, तरी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 48 प्रमाणे खनिजावरचा हक्क सरकारचा. खाणपट्ट्याशिवाय शेतकऱ्याने काढलं, तर तेही अवैध उत्खननच.

प्रश्न (मोहाडी, जि. भंडारा): शेतात जड, काळे दगड निघतात. लोह की मँगनीज, घरी कसं ओळखावं?

उत्तर: फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर घासा. लालसर रेघ उमटली तर हेमॅटाइट, काळी किंवा काळपट तपकिरी उमटली तर बहुधा मँगनीज. टक्केवारी मात्र प्रयोगशाळेतच कळेल.

प्रश्न (सांगली): नदीतल्या वाळूचा बेकायदा उपसा चालू आहे. सर्वेक्षणाकडे तक्रार केली तर चालेल का?

उत्तर: नाही. तिथला अर्ज फार तर पुढे पाठवला जाईल. सर्वेक्षण शोधतं, पण परवाने देत नाही आणि दंडही करत नाही. मोठ्या खनिजांच्या खाणीचा आराखडा नागपूरचा भारतीय खाण ब्युरो तपासतो. खाणपट्ट्याचं काम राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय आणि जिल्ह्याचे खनिकर्म अधिकारी बघतात. वाळू, मुरूम, दगड ही गौण खनिजं, ती पूर्णपणे राज्याच्या नियमांखाली. तक्रार तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. सोबत तारीख, वेळ, ठिकाण, वाहनाचा नंबर आणि फोटो द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.