जीआय बिलातून पायलट होता येतं, पण दार कोणतं?

‘आमचा मुलगा हायस्कूल संपल्यावर कॉलेजला न जाता अमेरिकेच्या हवाई दलात भरती झाला. डोव्हरच्या तळावर सी-17 विमानांच्या देखभालीचं काम करतो. येत्या जुलैत चार वर्षं पूर्ण करून सुटतोय. आता म्हणतो, पायलट व्हायचंय आणि पैसे सरकार देणार. घरापासून वीस मिनिटांवर एक फ्लाइंग स्कूल आहे. त्यांच्या पाटीवर “इथे जीआय बिल चालतं” असं लिहिलंय. शून्यापासून कमर्शिअल लायसन्सपर्यंत 90 हजार डॉलर सांगितले. कमी पडले तर घरावर कर्ज काढू, असं मला वाटतं. ह्याचे बाबा मेकॅनिकल इंजिनिअर. ते म्हणतात, ड्रायव्हरच व्हायचं होतं तर एवढं केलंस कशाला? दोघांचं बोलणं बंद आहे. मी काय करू?’

– एक आई, एडिसन, न्यू जर्सी

प्रिय ताई,

कर्जाचं आधी सांगते: नको. मुलाचं मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, होऊन हातात कागद येईपर्यंत आणि तो कुठे शिकणार हे ठरेपर्यंत बँकेची पायरीही चढू नका. आता कारणं.

तुमच्या मुलाला जे मिळणार आहे त्याचं नाव पोस्ट-9/11 जीआय बिल, सैन्यात सेवा केलेल्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारी सरकारी योजना. 36 महिने सक्रिय सेवा झाली की ते शंभर टक्के लागू होतं, म्हणजे तो पात्र आहे. आपल्या लोकांचा गैरसमज असा होतो की सरकारने मुलाच्या नावावर एक रक्कम ठेवलेली आहे आणि ती कुठेही खर्च करता येते. तसं नाही. त्याच्या नावावर जमा आहेत शिक्षणाचे 36 महिने. त्या प्रत्येक महिन्याला किती डॉलर बाहेर पडतील, हे तो कोणाच्या दारात उभा आहे यावर ठरतं. तेच विमान, तोच सराव, तेच लायसन्स, पण एका दारात सरकार जवळजवळ सगळं बिल भरतं आणि दुसऱ्या दारात थोडंसं भरून हात वर करतं.

तुमच्या घराजवळचं फ्लाइंग स्कूल हे दुसरं दार. पाटी खोटी नाही, अर्धी आहे. पदवी न देणाऱ्या फ्लाइंग स्कूलसाठी व्हीएने, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याने, वर्षाची कमाल मर्यादा घातलेली आहे. ती दर ऑगस्टला थोडी वाढते, सध्या 17 हजार डॉलरच्या आसपास आहे. शिवाय तिथे घरभाड्याचा भत्ता नाही आणि पुस्तकांचे पैसे नाहीत. मुख्य म्हणजे पहिलं लायसन्स, प्रायव्हेट पायलटचं, ते आधी स्वतःच्या खिशातून करून यायचं. त्यासाठी व्हीए तिथे एक पैसा देत नाही. हिशेब मांडून बघा: 90 हजारांपैकी प्रायव्हेटचे 15 हजार धरले तर ते तुमचेच. पुढचं शिक्षण दोन शैक्षणिक वर्षांत विभागलं तर सरकारकडून फार तर 34 हजार. उरलेले 40 हजारांवर तुमच्या माथी, आणि मुलगा त्या काळात घरी बिनपगारी. तुमचं कर्ज इथून जन्माला आलं आहे.

पहिलं दार सरकारी विद्यापीठाचं. ज्या पदवीत उड्डाण हा अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग आहे, तिथे व्हीए त्या राज्यातल्या विद्यार्थ्याला लागते तेवढी पूर्ण फी भरतं. फ्लाइट फी त्यात येते, आणि प्रायव्हेट लायसन्स पदवीचा भाग असेल तर तेही येतं. ‘पण आम्ही न्यू जर्सीचे, बाहेरच्या राज्यात दुप्पट फी’ असं म्हणाल, तर माजी सैनिकांसाठी तेही सुटलेलं आहे. ज्या राज्यात तो राहायला जाईल तिथलं सरकारी विद्यापीठ त्याच्याकडून स्थानिक फीच घेईल, असा 2014 चा कायदा आहे. नॉर्थ डकोटा विद्यापीठ, इंडियानातलं पर्ड्यू, मिडल टेनेसी स्टेट, ही या शिक्षणातली जुनी सरकारी नावं. शिवाय वर्ग प्रत्यक्ष भरत असतील तर दरमहा घरभाडं मिळतं. दर कॉलेजच्या झिपकोडप्रमाणे, आणि ई-5 हुद्द्याच्या कुटुंबवाल्या सार्जंटला मिळतो तो. मुलाचं लग्न झालेलं नसलं तरी तोच. त्यावर वर्षाला हजार डॉलरपर्यंत पुस्तकांचे.

एम्ब्री-रिडलसारखं खाजगी विद्यापीठ हे तिसरं दार. तिथे मर्यादा वर्षाला 30 हजारांच्या आसपास, आणि तिथली फी व फ्लाइट फी मिळून ती केव्हाच ओलांडली जाते. यलो रिबन नावाची योजना उरलेल्यातला काही भाग उचलते, पण किती मुलांना आणि फ्लाइट फीसुद्धा त्यात धरतात का, हे त्या त्या विद्यापीठाला विचारावं लागतं. तोंडी उत्तर घेऊ नका, ईमेल मागा.

पदवीच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, तो फ्लाइंग स्कूलवाला तुम्हाला सांगणार नाही. 2009 च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं. त्यानंतर अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा केला आणि 2013 पासून एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसायला 1,500 तासांचं उड्डाण लागू लागलं. मान्यता असलेल्या कॉलेजातून एव्हिएशनची चार वर्षांची पदवी घेतली तर हे 1,000 तासांवर येतं, दोन वर्षांच्या असोसिएट पदवीने 1,250 वर. अट अशी की इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांच्या आधारे उडवण्याची परवानगी) आणि कमर्शिअल लायसन्सचं शिक्षण त्याच कॉलेजच्या कार्यक्रमात झालेलं हवं. म्हणजे ‘आधी घराजवळ कमर्शिअल करून घेऊ, मग कॉलेज बघू’ असा क्रम लावला तर ही 500 तासांची सूट गेली. 500 तास म्हणजे नवख्या इन्स्ट्रक्टरच्या आयुष्यातले बरेच महिने. हो, पदवीनंतर तो लगेच एअरलाइनमध्ये जाणार नाही. हातात अडीचशे-तीनशे तास असतील, आणि बाकीचे तो दुसऱ्यांना शिकवत कमावेल. त्या दिवसांत पगार बेताचा असतो, हे तुमच्या घरात आत्ताच बोलून ठेवा.

तुम्हाला मुलगा जवळ हवा असेल तर वेस्ट विंडसरचं मर्सर काउंटी कम्युनिटी कॉलेज विचारून बघा. तिथे फ्लाइटची असोसिएट पदवी आहे. भत्ता कॉलेजच्या झिपकोडवर ठरतो, तो कुठे झोपतो यावर नाही, त्यामुळे जेवायला तुमच्याकडे आणि घरभाडं व्हीएचं, असंही होऊ शकतं. माझ्या मते चार वर्षांची पदवीच बरी, पण हा पर्याय मी हसण्यावारी नेणार नाही.

कोणत्याही कॉलेजात अ‍ॅडमिशन ऑफिसच्या गोड मुलीशी बोलून परत येऊ नका. स्कूल सर्टिफायिंग ऑफिशियल कोण ते विचारा. व्हीएला कागद पाठवणारा माणूस तो. त्याला मुलाने विचारायचं: फ्लाइट कोर्स पार्ट 141 खाली, म्हणजे एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) फ्लाइंग स्कूलसाठीच्या नियमांखाली, मंजूर आहे का, व्हीएने मान्य केलेला आहे का, विमानं कॉलेजची आहेत की बाहेरच्या कंत्राटदाराची, आणि 85-15 च्या नियमात सध्या काय स्थिती आहे. हा शेवटचा नियम असा की एका कार्यक्रमात 100 पैकी 85 हून जास्त मुलं व्हीएच्या पैशावर असली तर नव्या मुलांचे पैसे थांबतात. काही वर्षांपूर्वी हेलिकॉप्टरच्या काही शाळा माजी सैनिकांनीच भरल्या आणि फीचे आकडे डोळे फिरवणारे झाले, तेव्हापासून व्हीए या नियमावर बारीक नजर ठेवतं.

आता मेडिकल. पत्रात तुम्ही याबद्दल एक शब्द लिहिलेला नाही, आणि माझ्या टेबलावर आलेली सगळ्यात वाईट प्रकरणं इथलीच आहेत. एअरलाइन पायलटला एफएएचं फर्स्ट क्लास मेडिकल लागतं. ते मुलाने कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी करावं. अडचण अशी आहे की सुटण्याआधी सहा महिने तळावर एक वारं वाहतं: ‘कानात शिट्टी वाजते लिही, झोप लागत नाही लिही, महिन्याला भत्ता सुरू होईल.’ विमानाखाली चार वर्षं उभा राहिलेल्या मुलाचे कान खरंच वाजत असतील तर त्याने जरूर लिहावं, तो त्याचा हक्क आहे. पण एफएएच्या फॉर्मवर थेट प्रश्न आहे की अपंगत्वाचा भत्ता घेता का, आणि व्हीएची फाइल आता एफएएच्या नजरेपलीकडची राहिलेली नाही. 2023 मध्ये बातम्या आल्या की एफएए जवळजवळ 5 हजार पायलटांची चौकशी करतंय, कारण त्यांनी व्हीएला एक सांगितलं आणि एफएएला दुसरं. काहींना विमान सोडून घरी बसावं लागलं. कानातली शिट्टी एकटी सहसा आडवी येत नाही. झोपेतला श्वास अडकणं, नैराश्य, पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास), यांत मार्ग निघतो, पण कागदपत्रं आणि महिने लागतात. म्हणून एव्हिएशन मेडिकल एक्झामिनरकडे जाऊन, ऑनलाइन फॉर्म सबमिट करण्याआधी, नुसता सल्ला घ्यायचा. खरं आहे ते दोन्हीकडे सारखं लिहायचं. आणि खरोखर सेवेमुळे आलेलं अपंगत्व ठरलंच, तर व्हीएची व्हेटरन रेडिनेस अँड एम्प्लॉयमेंट (जुनं नाव व्होकेशनल रिहॅबिलिटेशन) ही वेगळी योजना आहे, तीही तपासायची.

पैसे कुठे गळतात तेही सांगते. गेल्या हिवाळ्यात एक विद्यार्थी माझ्याकडे त्याचं बिल घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, समजावून सांग. विमानात हॉब्स मीटर असतो, इंजिन चालू झालं की फिरतो, आणि तासाच्या दहाव्या भागाने, म्हणजे सहा-सहा मिनिटांनी आकडा पडतो. धावपट्टीच्या कडेला परवानगीची वाट बघत उभे आहात, समोर तीन विमानं उतरायची आहेत, मीटर चालूच. पुण्यात सिग्नलला उभ्या रिक्षासारखं. त्याच्या एका सरावात 1.4 तास लिहिले होते, त्यातले 0.4 तास जमिनीवरचे. मंजूर अभ्यासक्रमापेक्षा तास जास्त लागले तर ते कोण भरणार, हा प्रश्न त्या सर्टिफायिंग ऑफिशियलला विचारायच्या यादीत घाला. नॉर्थ डकोटात जानेवारीत वादळाने आठवडा गेला की सराव पुढे ढकलला जातो आणि सेमिस्टर संपतं, पण कोर्स संपत नाही. वैतागून मध्येच कोर्स सोडला तर व्हीए दिलेले पैसे परत मागू शकतं. बिल घेऊन आलेल्या त्याच विद्यार्थ्याला तसं पत्र आलं होतं. आणि हो, दोन सेमिस्टरांच्या मधल्या सुट्टीत घरभाडं मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीसाठी हाताशी थोडे पैसे हवेत. घरावर कर्ज नव्हे, ताई, दोन महिन्यांचं भाडं.

36 महिने म्हणजे नऊ-नऊ महिन्यांची चार वर्षं. बरोब्बर पदवीएवढी, एक दिवस जास्त नाही. म्हणून ते आत्तापासून वाचवायला लागायचं. तो अजून गणवेशात आहे तोवर ट्यूशन असिस्टन्स, म्हणजे हवाई दलाकडून फीची मदत, मिळतं, क्रेडिटमागे 250 डॉलर आणि वर्षाला 4,500 पर्यंत. त्यातून उड्डाण शिकता येत नाही, पण इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र करता येतं, आणि जीआय बिलाचा एक दिवसही खर्च होत नाही. हवाई दलाच्या कम्युनिटी कॉलेजात त्याच्या ट्रेनिंगचे क्रेडिट जमा झालेले असतील, त्यांची ट्रान्सक्रिप्ट काढून ठेवायला सांगा. 1 जानेवारी 2013 ला किंवा त्यानंतर सुटलेल्यांना हा लाभ वापरायला मुदत नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये जागा नाही मिळाली म्हणून भलत्या ठिकाणी नाव घालायची घाई नको.

बाबांचं. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळतं. इंजिनिअर माणसाला वाटतं, मुलाच्या हातात कला हवी, नुसतं चाक नको. त्यांना सांगा, कला त्याच्याकडे आहे, तिला कागद नाही. विमानाच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर मिळून 30 महिने प्रत्यक्ष काम केलेल्याला एफएए, कागद तपासून, ए अँड पी मेकॅनिकच्या परीक्षांना बसू देतं. शाळेत पुन्हा जायची गरज नाही, आणि परीक्षेची फी जीआय बिलातून परत मिळते. उद्या मेडिकलमध्ये काही निघालं, किंवा वर्षभर उडवल्यावर त्यालाच नको वाटलं, तर त्या कागदावर तो कुठल्याही हँगरमध्ये उभा राहू शकतो. कॉलेज करता करता संध्याकाळी कामही करू शकतो. अभ्यास कसा करायचा ते बाबांनी दाखवावं, बोलायला एक विषय होईल. फक्त कोणत्या विमानावर, कोणतं काम, किती महिने, याचं सहीचं पत्र त्याने डोव्हर सोडण्याआधी घ्यायला हवं. सुटल्यावर शोधायला गेलं की सही करणारा सार्जंट बदली होऊन जपानला गेलेला असतो.