प्राण्यांमध्ये स्मरणशक्ती कशी विकसित झाली? माशांना तर तीनच सेकंद आठवतं ना?

तीन सेकंदवाली गोष्ट आधी डोक्यातून काढा. मी पाढे विसरायचे म्हणून दादाने माझं नाव 'मासोळी' ठेवलं होतं, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार.

इंदूरला रामबागेत आमच्याकडे गोल्डफिशची टाकी होती. पाणी बदलायचं काम दादाचं, पण जाळी आणायचा कंटाळा, म्हणून हा भिया (इंदुरी बोलीत भाऊ) चहाच्या जुन्या गाळणीने मासे काढायचा. एकदा एक मासा गाळणीतून उसळून फरशीवर पडला. वाचला, पण तेव्हापासून गाळणी दिसली की तो दगडामागे. पुढे घराचं काम निघालं, टाकी चार महिने स्नेहलतागंजला आत्याकडे होती. परत आणली त्याच संध्याकाळी आई गाळणी घेऊन टाकीसमोरून गेली आणि मासा सटकन दगडामागे! मी ओरडले तर दादा म्हणे, "काहीतरी चमकलं असेल, त्याला मेंदू कुठाय." मग मी डाव, झारा, पोह्यांचा चमचा सगळं दाखवलं, मासा ढिम्म. गाळणी दाखवली की गायब. दादा तोवर टीव्ही बघायला निघून गेला होता, अर्थात.

आता तुमचा प्रश्न. आठवण ठेवायला मोठा मेंदू लागतच नाही. ॲप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीत जेमतेम 20,000 चेतापेशी असतात, तिच्यावरच काम करून एरिक कँडेलला 2000 साली नोबेल मिळालं. थोड्या वेळाची आठवण म्हणजे दोन पेशींमधला जुनाच जोड तात्पुरता घट्ट होणं, आणि टिकाऊ आठवणीसाठी नवी प्रथिनं बनून नवे जोड उगवावे लागतात. हे नवं बांधकाम महाग पडतं. 2005 च्या एका प्रयोगात फळमाश्यांना टिकाऊ आठवण तयार करायला लावून मग उपाशी ठेवलं, तर त्या बाकीच्यांपेक्षा लवकर मेल्या. म्हणजे जिथे खर्च वसूल होतो तिथेच उत्क्रांती स्मरणशक्ती वाढवते. अमेरिकेतला क्लार्क्स नटक्रॅकर हा पक्षी हिवाळ्यासाठी पाइनच्या हजारो बिया जमिनीत पुरतो आणि कित्येक महिन्यांनी नेमक्या जागी उकरतो, कारण विसरला तर उपाशी मरेल. मला सतराचा पाढा विसरून कोणी उपाशी ठेवलं नाही.

आणि मेंदू कुठाय म्हणणाऱ्यांसाठी: आपल्याला जागा लक्षात ठेवायला मेंदूतला जो हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो, त्याच मुळाचा भाग गोल्डफिशच्या मेंदूत आहे, त्याला इजा केली की मासा शिकलेली जागा विसरतो. आपला आणि माशांचा सामाईक पूर्वज 40 कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा, म्हणजे हे दुकान फार जुनं आहे. कीटकांचं मात्र वेगळं, त्यांनी आपली सोय वेगळ्या भागात केली.

हां, माझा मासा एकच होता, त्यामुळे याला प्रयोग म्हणू नका. गाळणीच्या जाळीला घाबरायचा की दांड्याला, तेही मी तपासलं नाही.

तुम्हाला सल्ला एवढाच, घरात मासे असतील तर जाळी वेगळी आणा आणि रोज एकाच जागी टिचकी मारून खाणं टाका, थोड्या दिवसांत टिचकी ऐकून वर येतील. सुट्टीला जाताना शेजारी कोणाला तरी सांगून जा. आम्ही दिवाळीत ग्वाल्हेरला गेलो तेव्हा काकूंना किल्ली द्यायचं काम दादाचं होतं, माझं नाही. तो अजून म्हणतो मासोळी विसरली. किल्ली त्याच्या जीन्सच्या मागच्या खिशात होती, ग्वाल्हेर स्टेशनवर सापडली, मला पक्कं आठवतंय.