सुई टोचली ना, मग आधी कॅज्युअल्टी गाठा, पत्र-बित्र नंतर

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. काल शुक्रवारी दीड महिन्याच्या बाळाला पेंटाची लस दिली, कॅप परत बसवताना अंगठ्यात सुई गेली, हात धुतला, आणि वरच्या मॅडम म्हणाल्या "एवढं काय त्यात, सोमवारी बघू". ते "सोमवारी बघू" वाचलं आणि पोटात गोळाच आला माझ्या. मला पण हेच ऐकवलं होतं.

मी डॉक्टर नाही, आरोग्यसेविका आहे, औषध घ्यायचं की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील. पण सिव्हिल किंवा उपजिल्हा रुग्णालय जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत आज रात्रीच जा. एचआयव्हीचं पीईपी, म्हणजे लागण होऊ नये म्हणून घ्यायचं औषध, दोन तासांत सुरू झालेलं सगळ्यात चांगलं आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. सोमवारी दुपारी तुमचे ७२ तास संपतात हो.

आता माझं सांगते. अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र होतं, टेबल केवढंसं, त्यावर व्हॅक्सिन कॅरियर, वजनाचं रजिस्टर, कार्डांचा गठ्ठा, म्हणून हब कटर, म्हणजे वापरलेली सुई कापायचं यंत्र, मी मागे खिडकीत ठेवला होता. ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही. गर्दी वाढली तशी वापरलेली सिरिंज टेबलावर ठेवायची आणि दोन-तीन झाल्या की एकदम कापायच्या असं चाललं होतं. एका आईने कार्ड मागितलं, मी गठ्ठा उचलायला गेले आणि खालची सुई सरळ तळहातात. ती सुई कुठल्या बाळाची हे पण सांगता येईना, तोवर सहा बाळं होऊन गेलेली. मी काय केलं तर जखम दाबून दाबून रक्त काढलं, स्पिरिट ओतलं आणि पुढचं बाळ घेतलं. दाबायचं नसतं, स्पिरिट-ब्लीच लावायचं नसतं, बोट तोंडात घालायचं नसतं, फक्त साबण आणि वाहतं पाणी. ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं होतं सगळं, त्या घडीला एक आठवलं नाही.

ऑफिसला फोन केला तर साहेब मीटिंगला, क्लार्क म्हणे लेखी अर्ज आणा, शनिवारी अर्ज नेला तर म्हणे सही सोमवारी होईल. आणि मी थांबले. ऑफिसच्या पत्राशिवाय दवाखान्यात कुणी बघणारच नाही असं डोक्यात बसलं होतं. सोमवारी सही घेऊन एसटीने रुग्णालयात पोचले तेव्हा तीन वाजले होते आणि सुई टोचली होती शुक्रवारी बारा वाजता. तिथल्या काउन्सेलर ताई चांगल्या होत्या, पण त्या पहिल्यांदा एवढंच बोलल्या, "तुम्ही त्याच दिवशी का नाही आलात? आम्ही पत्र मागत नाही." माझा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा, अंगावर पीत होता, त्याच रात्री त्याचं दूध तोडलं. तो दाराशी बसून रडायचा आणि मी आत. सहा महिने तपासण्या चालल्या, सगळं निगेटिव्ह आलं, पण ते सहा महिने त्या एका सहीपायी गेले असं मला आजही वाटतं.

उगाच घाबरवायचं नाहीये. समोरचं रक्त एचआयव्ही पॉझिटिव्ह असलं तरी हजार टोचण्यांत साधारण तीन जणांना लागण होते, आणि लसीच्या सुईत रक्त फारच कमी असतं. मला जास्त काळजी हिपॅटायटिस बी ची वाटते, लस नसेल तर शंभरात तीसपर्यंत धोका सांगतात. तुमचे तिन्ही डोस झालेत का? माझे दोनच झाले होते, तिसरा राहूनच गेला, रोज दुसऱ्यांच्या पोरांना टोचणाऱ्या बाईचा. अँटिबॉडी टायटर, म्हणजे लस अंगात लागू झाली का ते सांगणारी रक्ततपासणी, ती पण करून घ्या, दहाच्या वर पाहिजे.

आणि ते कॅप लावणं आजपासून बंद. एडी सिरिंजचा, म्हणजे एकदाच वापरायच्या सिरिंजचा, दांडा शेवटपर्यंत गेला की ती लॉकच होते, परत वापरताच येत नाही, मग झाकायची कशाला? सवय आहे म्हणून, दुसरं काही नाही. माझ्या मते टेबलावर सगळ्यात आधी हब कटरची जागा ठरवायची, सिरिंज धरता त्या हाताला, न उठता पोचेल अशी, आणि मग बाकीचं सामान. सुई मांडीतून बाहेर आली की हात थेट कटरकडे, कापूस आई धरेल, कार्ड थांबेल, यू-विनवरची लसीची ऑनलाइन नोंद पण थांबेल. सुई कटरच्या डब्यात, उरलेली सिरिंज लाल पिशवीत, आणि मगच मान वर करायची. डबा पाऊण भरला की बास, हलवून जागा करत बसू नका. पातं बोथट झालं असेल तर सुई कापली न जाता वाकते आणि आपण ती बोटाने ओढायला जातो, तसला कटर सरळ परत करून दुसरा मागा, नाही म्हणाले तर लेखी मागा.

बाळ धरणं हे पण तेवढंच महत्त्वाचं. आईला खुर्चीत बसवून बाळाचे पाय तिच्या दोन मांड्यांमध्ये, हात आशाताईंनी धरायचे. बीसीजी देताना आपलंच डावं बोट सुईच्या वाटेत येतं, तिथे घाई नको, रांग ओरडली तरी ओरडू दे. आणि सत्राला चप्पल नको, पुढून बंद बूट घाला, सुई खाली पडली की पायावरच पडते. ग्लोव्ह्जवर भरवसा ठेवू नका, सुई त्यातून आरामात जाते.

आत्ता निघताना त्या बाळाच्या आईचं कार्ड तुमच्याकडे असेल तर गरोदरपणातल्या एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी च्या रिपोर्टचा फोटो घेऊन जा, डॉक्टरांना उपयोग होतो, पण तो मिळेना म्हणून थांबू नका आणि गावात कुणाला काही बोलू नका, त्या बाईची बदनामी होईल. केसपेपरवर सुई टोचल्याची वेळ लिहून घ्या आणि झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. एकटीला जायला भीती वाटत असेल तर आशाताईंना सोबत घ्या. पोचलात की इथे एक ओळ टाका, मी जागी आहे.